गोदामातील फोर्कलिफ्ट : निगा आणि सुरक्षितता

हिंजवडी व पिरंगुट या दोन औद्योगिक केंद्रांच्या दरम्यान चांदे (ता. मुळशी) हे गाव वसले आहे. या पट्ट्यातील तरुणांना कारखान्यांत व गोदामांत जे काम मिळते, त्यात फोर्कलिफ्ट चालविण्याचे काम चांगल्या मिळकतीचे समजले जाते. पाठीवर गोणी वाहून थप्पी लावण्याचे हमालांचे कष्ट या यंत्राने पुष्कळ कमी केले, हे निर्विवाद. परंतु दोन टन माल उचलणारे हे यंत्र स्वतः तीन टनांहून जड असते, आणि ते माणसांच्या अगदी शेजारून धावते.

फोर्कलिफ्ट हा एक तराजूच होय. पुढची चाके हा टेकू. पुढे काट्यांवर माल, मागे यंत्राचे वजन. पाटीवर ‘२,००० किलो, ५०० मि.मी.’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, मालाचा मध्य काट्यांच्या उभ्या भागापासून ५०० मि.मी.वर असेल तरच दोन टन. पेटी लांब असून तो मध्य ७०० मि.मी.वर गेला आणि पुढचा आस काट्यांमागे ४०० मि.मी.वर असला, तर तेच यंत्र सुमारे १,६०० किलोच पेलते. हा हिशेब शाळेतल्या तरफेचाच आहे. शिक्षकांनी वर्गात अवश्य मांडावा.

रोज पाळी सुरू होण्यापूर्वी ब्रेक, हॉर्न, स्टिअरिंग व टायर पाहावेत. यंत्राखाली तेलाचा डाग दिसल्यास ते बाहेर काढू नये. साखळी ताणली जाते, ३०० मि.मी. लांबीत ९ मि.मी. वाढ झाली की ती बदलावी. काट्यांची टाच जमिनीवर घासून दहा टक्के झिजली, तर ताकद सुमारे वीस टक्क्यांनी घटते. असा काटा वेल्डिंग करून वापरणे ही काटकसर नव्हे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. तेथे हवा खेळती असावी, विडी-काडी नसावी. शुद्ध पाणी चार्जिंग झाल्यावर भरावे.

मोटारीचा परवाना असला म्हणजे फोर्कलिफ्ट येतेच असे नाही. ती मागच्या चाकांनी वळते आणि वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून पुष्कळदा इजा होते ती पायी चालणाऱ्या हमालाला किंवा ट्रकच्या क्लीनरला. पावसाळ्यात ओल्या उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूस ठेवावा. म्हणजेच उतरताना यंत्र मागे चालवावे. काटे जमिनीपासून १५ ते २० से.मी. असावेत. यंत्र कलंडल्यास चालकाने उडी मारू नये. पट्टा बांधून स्टिअरिंग घट्ट धरून बसावे. उडी मारणाराच बहुधा खाली सापडतो.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचल यंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली होती. दैनंदिन तपासणीची वही मात्र गोदामाने स्वतःच ठेवावयाची असते. पंचायत सदस्यांनी गोदामास भेट दिल्यास ती वही जरूर मागावी, आणि जेवणाच्या सुटीत उभ्या यंत्राकडे पाहावे : काटे जमिनीला टेकलेले आहेत काय, हातब्रेक ओढलेला आहे काय, आणि किल्ली कोणाकडे आहे.