भरवसा नोंदीवर ठेवा

फायनल इयर प्रोजेक्टमध्ये लॅबच्या दहा पीसींवर एक मोठं गणित वाटून सोडवायचं होतं. कोणत्या पीसीला कोणता तुकडा दिला, हे मी प्रोग्रॅमच्या मेमरीतच ठेवलं. डेमोच्या आदल्या रात्री लाईट गेली आणि सगळा हिशोब पुसला गेला! सरांची बोलणी खाल्ली, मग 'बॉइंक' वाचायला घेतलं.

बॉइंक हे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००२ साली सुरू झालेलं ओपन सोर्स टूलकिट. १९९९ चा 'सेटी ॲट होम' पुढे यावरच चालला. २०२० मध्ये त्याने काम वाटणं थांबवलं.

यात प्रत्येक कामाची नोंद मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये असते. एकाच कामाच्या सहसा दोन प्रती वेगवेगळ्या मशिनांना जातात. शेड्यूलर काम देतो, सोबत मुदतही. मुदत टळली की ट्रान्झिशनर नवी प्रत काढतो. व्हॅलिडेटर उत्तरं ताडून बघतो. जुळली की ॲसिमिलेटर निकाल साठवतो. हे तिघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत, डेटाबेसमधली स्थिती बघून आपापलं काम करतात. म्हणून एखादा बंद पडला तर काम साचतं, पण हरवत नाही.

मीही मग एकच टेबल केलं: काम, पीसी, स्थिती, मुदत. दुसऱ्या डेमोत सरांनी मुद्दाम दोन पीसींच्या वायरी उपटल्या. थोडा वेळ जास्त लागला, पण उत्तर बरोबर आलं.

तेव्हा ज्युनिअर्सनो, मशिन कधीही दगा देणार हे धरूनच चाला. भरवसा नोंदीवर ठेवा.