उभ्या गाडीची बॅटरी लवकर का जाते?

आपल्यातील पुष्कळ कुटुंबांची गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी असते आणि रविवारी उपासनेपुरती बाहेर निघते. गाडी फारशी चालत नाही, म्हणजे बॅटरी पुष्कळ वर्षे टिकेल, असे वाटते. घडते उलट. शेजारच्या आजींना रात्री दोन वाजता रुग्णालयात न्यायचे असते आणि किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक ऐकू येते.

गाडीत नेहमी असते ती शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये अशी बॅटरी प्रथम बनवली. तत्त्व आजही तेच आहे. वीज खर्च होताना शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि चार्ज होताना तो विरघळतो. बॅटरी बरेच दिवस अर्धवट उतरलेली राहिली, तर हा थर कडक होतो आणि मग सहसा निघत नाही. बॅटरी मरते ती बहुधा अशी.

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचे लॉक थोडी वीज घेतच असतात. ही वीज ३० मिलीअँपिअर धरा. महिन्याला सुमारे २१ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे निम्म्याहून अधिक वीज उभ्याउभ्याच गेली! मीरा रोडहून भाईंदरपर्यंतच्या दहा मिनिटांत ती भरून येत नाही. पार्किंगमध्ये पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचाही फारसा उपयोग नाही. धूर मात्र होतो. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. घोडबंदरपर्यंत जाऊन आलात तरी चालेल. गावी महिनाभर जाणार असाल, तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

दुसरा शत्रू उष्णता. तापमान सतत दहा अंशांनी जास्त राहिले, तर बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणूनच आपल्याकडे तीन ते पाच वर्षे म्हणजे चांगले आयुष्य समजावे. सावलीत जागा मिळत असेल तर सोडू नका.

आपल्या शहराला समुद्र, खाडी आणि मिठागरे लागून आहेत. खाऱ्या दमट हवेत टर्मिनल लवकर गंजतात. तिथे पांढरी-हिरवी बुरशी दिसली, की आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडे करून व्हॅसलीन लावा. हातमोजे घाला आणि जवळ काडी पेटवू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. झाकणे उघडणारी बॅटरी असेल, तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचे, बोअरचे किंवा बाटलीतले पिण्याचे पाणी नको.

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी घरीच मल्टिमीटर लावता येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आजच चार्ज करायला हवी. चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरली, तर नवी घ्या.

जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. ती उघड्यावर फोडली जाते, ॲसिड गटारातून खाडीत जाते आणि शिशाची धूळ तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार जुनी बॅटरी वेगळी ठेवून अधिकृत संकलनासाठीच द्यायची असते. नवी देणारा दुकानदार ती परत घेऊन किंमत वजा करतो. ती रक्कम बिलावर लिहून मागा.