रस्त्यालगतच्या शेतातील धुरळा : उगम, हंगाम व उपाय

राणीसावरगाव (ता. गंगाखेड) परिसरात ज्यांची जमीन रहदारीच्या रस्त्याला लागून आहे, त्यांना धुरळा नवा नाही. मात्र तो वर्षभर सारखा नसतो आणि सगळा रस्त्यावरूनच येतो असेही नाही. कोणत्या हंगामात कोणता धुरळा येतो हे ओळखल्यास उपाय सोपे होतात.

धुरळ्याचे प्रकार

१) जाड कण : रस्त्याच्या कडेची माती, ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येणारा चिखल, उघड्या गाडीतील मुरूम-खडी यांपासून होतात. यांतील बराचसा भाग रस्त्यालगतच्या पिकावर बसतो.

२) बारीक कण : अडीच मायक्रॉनपेक्षा लहान. डिझेलचा धूर, जाळलेल्या पऱ्हाट्या व पाचट यांतून निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत कित्येक दिवस तरंगतात व फुप्फुसात खोलवर जातात. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार एक घनमीटर हवेत यांचे २४ तासांचे सरासरी प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

हंगामानुसार बदल

पावसाळा : पावसाने हवा धुतली जाते व जमीन ओली राहते. हा सर्वांत स्वच्छ काळ होय.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : सोयाबीनची मळणी सुरू होते. या काळात आपल्याच खळ्यावरचा भुसा रस्त्याच्या धुरळ्याइतकाच त्रासदायक ठरतो.

हिवाळा : रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. त्यामुळे वाहनांचा व शेकोट्यांचा धूर वर न जाता सकाळपर्यंत खालीच साचतो. बारीक कणांचा धोका या दिवसांत अधिक असतो.

उन्हाळा : जमीन कोरडी व वारे जोरदार असतात. जाड धूळ वाढते, परंतु तापलेली हवा वर चढत असल्याने धूर लवकर विरतो.

पिकावरील परिणाम

धुळीच्या थरामुळे पानांना प्रकाश कमी मिळतो व पर्णरंध्रे बुजतात. धुळकट पानांवर कोळीचा प्रादुर्भाव वाढतो, कारण कोळी खाणारे मित्रकीटक तेथे नीट वावरू शकत नाहीत. बोंडातील कापूस मळतो व प्रत घसरते.

काय करावे?

१) बांधावर उंच झाडांची व झुडपांची मिळून दोन-तीन ओळींची जैविक कुंपणे लावावीत. करंज, कडुलिंब, शेवरी चालतात. मुळे पिकात येऊ नयेत म्हणून आतील बाजूस चर काढावा.

२) रस्त्याकडील कापूस वेगळा वेचून वेगळा साठवावा.

३) धान्य रस्त्यावर वाळवू नये. कडब्याची गंजी रस्त्यापासून दूर रचावी.

४) मळणी यंत्राच्या भुशाचे तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवावे व काम करणाऱ्यांनी नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा. साध्या उपरण्याने बारीक कण अडत नाहीत.

५) पऱ्हाट्या व पाचट न जाळता बारीक करून जमिनीत गाडावे किंवा कंपोस्ट करावे.

रस्त्यावरची रहदारी आपल्या हाती नाही. खळे, बांध व काडीपेटी मात्र आहे. सुरुवात तेथूनच करावी.