करवंदाचा जाम : साखर थोडी, सब्जा थोडा

चैत्र सरता सरता अकोले तालुक्यातल्या डोंगरात करवंदे पिकू लागतात. राजूर, भंडारदरा, घाटघर, हरिश्चंद्रगडाचा पायथा, जिकडे पाहावे तिकडे करवंदीच्या जाळ्या. बाया आणि पोरे उन्हाच्या आत जातात. काटे चुकवीत पाट्या भरतात. मग रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणात करवंदे मांडून बसतात. 'डोंगरची काळी मैना' ही आरोळी एस.टी.च्या थांब्यावर आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पोरांचा खेळही ठाऊक असेल. करवंद फोडायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी.

पण करवंद हे नाजूक फळ आहे. आज तोडलेले उद्या मऊ पडते. परवा त्याला आंबूस वास येतो. संध्याकाळी जो माल उरतो, तो मिळेल त्या भावाने द्यावा लागतो, नाहीतर टाकावा लागतो. वळवाचा पाऊस झाला की फळात पाणी शिरते आणि हंगाम आटोपतो. उरलेल्या करवंदांचे करायचे काय, हा दरसालचा प्रश्न आहे.

जुन्या बायांना याचे उत्तर ठाऊक होते. त्या मुरांबा करीत. जेवढे फळ तेवढी साखर, कधी त्याहून जास्त. बरणी भरून ठेवली की वर्षभर चिंता नाही. साखरेची आपल्याकडे वाण नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन तो उभा केला. तेव्हापासून आपला अहमदनगर जिल्हा साखरेचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण ऊस आहे तिथेच आहे.

मग आम्ही साखर कमी करा असे का सांगतो? कारण मधुमेह. पूर्वी हा आजार शहरातल्या बैठ्या लोकांचा समजत. आता तो खेड्यातही आला आहे. घरात एखाद्याला साखरेचे पथ्य असते आणि पोरांना तर पोळीबरोबर गोड पाहिजे असते. बाजारच्या जामच्या बाटलीत निम्म्याहून अधिक गोडीच असते. बाटलीवर घटक पदार्थांची यादी छापलेली असते. जो पदार्थ वजनाने सगळ्यांत जास्त, तो यादीत पहिला लिहावा असा नियम आहे. यादी बहुधा इंग्रजीत असते, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. पहिले नाव फळाचे आहे की साखरेचे, एवढेच विचारा.

आता नीट ध्यान द्या. मुरांब्यात साखर तीन कामे करते. ती गोडी आणते, पाक दाट करते आणि मुरांबा टिकवते. हे तिसरे काम फार मोठे आहे. साखर फळातले पाणी धरून ठेवते. बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागते, ते त्यांना मिळत नाही. लोणच्यात हेच काम मीठ करते. साखर कमी केली की ही तिन्ही कामे अडतात. गोडी कमी झाली तर जीभ सवय करून घेते. दाटपणासाठी दुसरी वस्तू सापडते. टिकण्यासाठी मात्र घरात दुसरी सोपी वस्तू नाही.

दाटपणासाठी परदेशात चिया नावाचे बी वापरतात. हे मूळचे मेक्सिको देशाकडचे. तिथले लोक ते फार जुन्या काळापासून खातात. आता आपल्या देशात मैसूरच्या बाजूलाही त्याची शेती होते आणि शहरातल्या दुकानांत ते मिळते. पण आपल्या वाण्याकडे त्याचा चुलतभाऊ पूर्वीपासून आहे. तो म्हणजे सब्जा. फालुद्यात काळे डोळे दिसतात ना, तेच हे बी. चिया आणि सब्जा ही दोन्ही बिया तुळशीच्या कुळातली. पाण्यात टाकली की दोन्हींच्या भोवती बुळबुळीत पडदा धरतो आणि पाणी घट्ट होते. सब्जा काळाकुट्ट असतो आणि लवकर फुगतो. चिया करडा, पांढरा, ठिपकेदार असतो आणि त्याला थोडा वेळ जास्त लागतो. चियासाठी मुद्दाम नगरला जाण्याची गरज आम्हाला तरी दिसत नाही.

आता कृती सांगतो. पूर्ण पिकलेली काळी करवंदे अर्धा किलो घ्यावीत. चारदोन लालसर असली तरी हरकत नाही, उलट त्यांनी जाम चांगला आळतो. देठे काढावीत. देठाशी चीक असतो, म्हणून करवंदे अर्धा तास पाण्यात ठेवून दोनतीन पाण्यांनी धुवावीत. किडकी, फुटलेली वेगळी काढावीत.

पातेले स्टीलचे घ्यावे. करवंद आंबट असते. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट शिजवले तर ते कळकते आणि बाधते. ॲल्युमिनियमचेही नको. पातेल्यात करवंदे आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. दहा मिनिटांत फळे मऊ होऊन फुटतात. मग डावाने चेचावीत आणि पुरणाच्या चाळणीतून घोटून काढावीत. बिया वर राहतात, गर खाली पडतो. हे काम जरा कष्टाचे आहे, पण बिया दाताखाली आल्या तर पोरे दुसऱ्यांदा मागणार नाहीत.

इकडे फळे शिजत असतानाच उकळून गार केलेले पाणी अर्धी वाटी घ्यावे. त्यात पोह्याचे तीन चमचे सब्जा टाकावा. सब्जा आधी निवडून घ्यावा, त्यात खडे आणि काड्या असतात. पाव तासात तो फुगून गोळा होतो. पाणी मुद्दाम थोडेच घेतले आहे. बी अर्धवट तहानलेले राहते आणि उरलेली तहान गरातून भागवते. त्यामुळेच गर दाट होतो.

गर वाटीने मोजावा. दोन वाट्या गराला पोह्याचे सहा चमचे साखर घालावी. मुरांब्याला इथे दोन वाट्या साखर लागली असती. पुन्हा पाचसात मिनिटे शिजवावा. सारखे ढवळावे, नाहीतर खाली लागतो. उतरवून कोमट झाला की फुगलेला सब्जा मिसळावा. गरम असताना जाम पातळ वाटेल. घाबरून जास्त आटवू नये. गार झाल्यावर तासाभराने पाहा, चमच्यावर धरून राहील. नाहीच धरला तर आणखी एक चमचा सब्जा थोड्या पाण्यात भिजवून घालावा.

कोरडा सब्जा किंवा कोरडा चिया मात्र कधीही तोंडात टाकू नये. तो घशात फुगून अडकू शकतो. लहान मुलांना तर बी हाती देऊच नये.

हा पाठ शिकवताना वर्गात एका मावशींनी विचारले, "गुरुजी, आमच्या यांना साखर बंद आहे. मग साखरेऐवजी गूळ घालते. गुळाला काय होतंय?" पुष्कळ घरांत असाच समज आहे, म्हणून त्याचे उत्तर इथे लिहून ठेवतो. गूळ आणि साखर एकाच उसाची. मधुमेहाच्या माणसाला गुळानेही रक्तातली साखर वाढते. मधानेही वाढते. गुळाची चव आवडत असेल तर साखरेऐवजी जरूर घाला, पण पथ्य म्हणून नको. फळातही मुळात थोडी साखर असतेच. म्हणून मधुमेहाच्या माणसाने हा जामसुद्धा एखादा चमचाच खावा, तोही डॉक्टरांना विचारून. सब्ज्याने मधुमेह बरा होतो असे कोणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावे. औषधाची गोळी चालूच ठेवावी.

आता टिकण्याचे पाहू. पुष्कळांची फसगत इथेच होते. गोड आहे म्हणजे टिकणार, असे आपल्याला मुरांब्याने शिकवले आहे. हा जाम तसा नाही. त्याला भाजीच्या जातीचा समजा. वैशाखाच्या उन्हात, फ्रीज नसलेल्या घरात, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवलेला बरा. म्हणून अशा घरी निम्म्याच मापाने करावा. फ्रीज असेल तर आठ दिवस धरावे. काचेची बाटली दहा मिनिटे पाण्यात उकळून स्वच्छ फडक्यावर पालथी घालून वाळवावी. चमचा कोरडाच बुडवावा, उष्टा तर नाहीच. वर पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली तर सगळी बाटली रिकामी करावी. "वरचं काढून टाकते, खालचं चांगलं आहे" असे म्हणू नये. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

बचत गटातल्या बायांना हे विकावेसे वाटेल. इच्छा चांगली आहे. पण हा जाम फलाटावर, उन्हात मांडून विकायचा नव्हे. खाऊन कोणाचे पोट बिघडले तर गटाचे नाव जाते. विकायलाच करायचे तर पुऱ्या साखरेचा मुरांबा किंवा लोणचे करावे. आणि खायची वस्तू करून विकायची म्हणजे अन्न सुरक्षेच्या कायद्याखाली गटाची नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी.

करवंदे संपली की मृगाच्या सुमारास जांभळे येतात. त्यांचाही जाम याच रीतीने होतो. जांभूळ गोडसर असते, म्हणून साखर चारच चमचे पुरते, मात्र अर्ध्या लिंबाचा रस पिळावा. महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात येते. तिला चाळणीचा खटाटोपही नाही.

शेवटचे काम लिहिण्याचे आहे. ते घरात ज्याने नव्याने अक्षर गिरवले त्यानेच करावे. एक चिठ्ठी घेऊन तिच्यावर असे लिहावे :

करवंद जाम. केला : १२ मे. संपवावा : १९ मे.

ही चिठ्ठी बाटलीला चिकटवावी. तिथी लिहिली तरी चालेल. फ्रीज नसलेल्या घरी कोणी 'संपवावा : उद्या' असे लिहील. तसे लिहू नये. तीन दिवसांनी बाटली हाती घेतली तरी चिठ्ठीवर उद्याच असेल. तारीखच लिहावी.