आधी तिचं ऐकून घे

रोहा, रविवार

चि. सौ. बाळ,


गणपती तोंडावर आलेत, तुमच्या मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीची घाई, म्हणून काल फोनवर बोलले नाही. पण पेणला आले तेव्हा पाहिलं ते मनातून जात नाही. तुम्ही दोघं मूर्तींत गुंतलेले आणि तुझी लेक माळ्यावर एकटी, मोबाइलवर गेम खेळत कुणाशी तरी बोलत होती. विचारलं तर म्हणाली, "आमच्या टीममधला दादा आहे, आजी." या दादाचं ना नाव माहीत, ना गाव. आपल्या रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीत ओळखीचीच माणसं असतात, तरी तू तिचा हात सोडत नाहीस!

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जनजागृतीच्या कार्यक्रमात अक्षय कुमारने मुख्यमंत्र्यांसमोर आपल्या घरातली गोष्ट सांगितली. त्याची मुलगी अनोळखी माणसासोबत गेम खेळत होती. त्या माणसानं मुलगा की मुलगी असं विचारलं आणि मुलगी म्हटल्यावर उघडे फोटो मागितले. पोरीनं गेम बंद केला आणि उठून आईला सांगितलं. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक तास सायबर शिक्षणाचा ठेवा, अशी अक्षय कुमारने मागणी केली. तास सुरू होईल तेव्हा होवो. मला मोलाचं वाटतं ते तिचं आईला सांगणं.

असे फोटो मागणारी माणसं आधी कौतुक करतात, गेममधली नाणी भेट देतात, मग दुसऱ्या ॲपवर बोलावतात आणि "घरी सांगू नकोस" म्हणतात. एकदा फोटो हाती लागला की धमक्या. आईबाप ओरडतील या भीतीवरच त्यांचं सगळं चालतं. मी शिकवायचे त्या वर्गातली एक मुलगी असंच काही सांगायला आली होती. मी पहिलाच प्रश्न केला, "तू फोटो पाठवलासच का?" ती गप्प झाली आणि पुन्हा माझ्याकडे आली नाही. ती चूक माझी होती, आणि ती मी विसरलेले नाही.

म्हणून फोन हिसकावू नकोस. खेळू दे, पण खाली तुमच्या नजरेसमोर. अनोळखी लोकांशी चॅट बंद कर. शाळेच्या गणवेशातला फोटो कुठे टाकू देऊ नकोस. काही घडलंच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. स्क्रीनशॉट काढून मग त्या माणसाला ब्लॉक करायचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन रात्रीही चालू असते. गावात बोभाटा होईल म्हणून पोलिसांकडे जायला कचरू नकोस. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पीडित मुलाचं नाव छापायला बंदी आहे, आणि वाईट हेतूनं मोबाइलवरून मुलाच्या मागे लागणं हाही त्यात गुन्हा आहे.

आज कारखाना बंद झाला की हातावरचा रंग धू आणि तिच्याजवळ बस. तिचा गेम तिच्याकडूनच शिकून घे. मग हा दादा कोण, ते आवाज न चढवता विचार. काय म्हणाली ते मला उद्या सकाळी कळव.

तुझी,
मावशी