आधी संथा, मग धीर

अगं, परवा फोनवर तू पाऊण तास बोललीस. त्यातला बराचसा वेळ ‘लोक काय म्हणतील’ यातच गेला. पौरोहित्य शिकायचंय, हे मात्र एका वाक्यात उरकलंस, तेही आवाज खाली आणून, जशा काही सासूबाई दाराआड उभ्या आहेत! मला मध्ये तोंड उघडायला वाव दिला नाहीस, म्हणून आता लिहिते. चहा घेऊन निवांत वाच.

तुझं म्हणणं मी नीट ऐकलंय. वय सत्तेचाळीस. विम्याच्या कचेरीतली नोकरी बरी आहे, पण सकाळी उठून तिकडे जावंसं वाटत नाही. लेक शिकायला बाहेर गेला आणि घर एकदम मोठं झालं. संस्कृत दहावीला सुटलं ते सुटलंच. देवासमोर रोज तासभर बसणाऱ्यांतली तू नाहीस. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तुझा शेवटचा प्रश्न, ‘ताई, मला हा अधिकार दिला कोणी?’

बाई गं, कोणी दिला नाही आणि कोणी देणारही नाही. मला सांगायचंय ते एवढंच. आपण बायका नवं काही करायचं म्हटलं की आधी घरच्या-दारच्या सगळ्यांची संमती गोळा करत बसतो, आणि ती गोळा होईना की ‘अजून धीर होत नाही’ म्हणतो. संमती आधी मिळत नसते. आपण तयार असलो आणि कोणाचं तरी अडलं, की ती आपसूक मिळते.

पुण्याचंच बघ ना. १९७०च्या दशकात शंकरराव थत्ते, म्हणजे थत्तेमामा, यांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं, तेव्हा नाकं मुरडणारे कमी नव्हते. पुढे १९९०च्या सुमारास ज्ञान प्रबोधिनीने पौरोहित्याचे वर्ग काढले, ते जात न बघता आणि बाई-पुरुष असा भेद न करता. त्याहून मागे जायचं तर साकोरीला उपासनी महाराजांनी कन्यांकडून वेदपठण आणि यज्ञ करवून घेतले, आणि १९४१ साली महाराज गेल्यावर गोदावरीमातांनी ते सगळं सांभाळलं. शास्त्राचंच म्हणशील तर ऋग्वेदात लोपामुद्रा, घोषा, अपाला, विश्ववारा या ऋषिकांच्या नावावर ऋचा आहेत. कोणी वाद घालायला आलंच तर ही चार नावं तोंडी असू देत.

पण खरं सांगू? वाद जिंकून कोणाला पूजा मिळत नाही. गणेश चतुर्थीच्या सकाळी सगळ्या पेठांना एकाच वेळी गुरुजी हवे असतात, आणि तेवढे गुरुजी आणायचे कुठून? बायकांना दारं उघडली ती अशा अडचणीनं. त्या वेळेवर आल्या, घाई न करता पूजा सांगितली, काय चाललंय ते मराठीत समजावलं, आणि पुढच्या वर्षी त्याच घरांतून पुन्हा फोन आले.

एका घरचे आजोबा मला अजून आठवतात. बाई पूजा सांगणार म्हटल्यावर ते वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसले. सूनबाईंचा चेहरा एवढासा झाला. मी काही बोलले नाही, प्राणप्रतिष्ठेपासून आरतीपर्यंत सगळं रीतसर केलं. पेपरचं पान मात्र गॅलरीत फारसं उलटलं गेलं नाही, हे माझ्या कानांना कळत होतं. मी निघताना आजोबा दारापर्यंत आले आणि म्हणाले, ‘पुढच्या वर्षी जरा लवकर या. नऊच्या आत.’ कौतुक नाही, माफी नाही, सरळ पुढच्या वर्षीची वेळ! आपल्याकडे संमती अशीच मिळते हो. ती आली की ओळखायची आणि डायरीत लिहून ठेवायची.

आता तुझ्या श्रद्धेचं. ‘माझा पुरेसा विश्वास नाही, मग दुसऱ्याची पूजा मी कोणत्या तोंडानं सांगू?’ असं तू म्हणालीस. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक देते. मंत्र म्हणताना मी दर वेळी भारावून जात नाही. समईची वात सरकवायची असते, यजमानांचा फोन वाजत असतो, पंचामृतात मध घालायचा राहिलेला असतो. भारावणं हे काही आपलं काम नव्हे. उच्चार स्वच्छ ठेवणं, विधी न गाळणं आणि समोरच्या माणसाकडे लक्ष असणं, हे आपलं काम. एवढं मनापासून करत गेलीस की श्रद्धा मागून येते. ती आधी पुरती हाताशी असावी असा हट्ट धरलास, तर पासष्टीलाही तू अशीच फोनवर बोलत असशील.

आणि तुला परंपरा म्हणजे न हलणारी गोष्ट वाटते ना? मग संकल्प बघ. पूजेच्या सुरुवातीलाच आपण कुठे आणि कधी बसलोय ते सांगायचं असतं. गोदावरीचं दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, तिथी, वार, नक्षत्र. तिथी रोज बदलते, संवत्सर दर पाडव्याला बदलतं. परदेशातल्या लेकीसाठी फोनच्या पडद्यावरून पूजा सांगायची वेळ आली की गोदावरीचं तीरही बदलावं लागतं. म्हणजे संकल्प नुसता पाठ करून भागत नाही, रोज पंचांग उघडावं लागतं. बदल करायला तू बाहेरून कोणी येत नाहीयेस, तो तिथे पहिल्यापासून आहेच.

हे खरंच तुझं काम आहे की नुसता कचेरीचा कंटाळा, हे कसं ओळखायचं? पैठणी नेसून चौरंगापाशी बसलेली तू डोळ्यांसमोर आणू नकोस. तो दिवस कोणालाही आवडेल. त्याऐवजी संथा डोळ्यांसमोर आण. गुरुजी एकदा म्हणणार, तू दोनदा म्हणायचं. चुकलं की पुन्हा. अक्षराखालची आडवी रेघ म्हणजे आवाज खाली, डोक्यावरच्या उभ्या रेघेला वर. घरी येऊन कणीक मळताना पुरुषसूक्ताचा तोच एक चरण घोळवायचा, तोही जिभेवर बसेपर्यंत. मांडी घालून गुडघे दुखणार. पंचविशीतली एखादी मुलगी तुझ्याआधी पाठ म्हणून दाखवणार. हे ऐकूनही जावंसं वाटत असेल तर ते काम तुझं आहे. नसेल वाटत, तर कचेरीतून चांगली आठ दिवसांची रजा काढ आणि कोकणात जाऊन ये. त्यात कमीपणा नाही.

व्यवहाराचंही बोलू, कारण तू ते विचारायला लाजलीस. नोकरी लगेच सोडू नकोस. वर्ग आणि कचेरी सुरुवातीला दोन्ही चालतं. दक्षिणा पगारासारखी एक तारखेला येत नाही. श्रावणात आणि गणपतीत श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पितृपंधरवड्यात श्राद्धं सोडली तर बाकी सगळं थंड. वर्षाचा हिशेब मांडून मगच राजीनाम्याचं बघ. पहिल्या पूजा एकटीनं घेऊ नकोस, अनुभवी बाईंबरोबर जा, ताम्हन-पळी मांडून दे, बघत राहा. पाळीचं म्हणशील तर ते यजमानांनी विचारायचं नसतं आणि तू सांगायचं नसतं. त्या दिवशी बसावंसं वाटलं नाही तर वर्गातली मैत्रीण पाठव. म्हणून तर चार-पाच जणींचा गट हवा. तुझ्या अहोंना मात्र आज रात्रीच सांग. परवानगी मागू नकोस, भांडूही नकोस. ‘संध्याकाळी दोन तास मी नसेन, कुकर तू लाव,’ इतकं साधं सांग.

वयाचं रडगाणं तर मी ऐकूनच घेणार नाही. अनुताई वाघ १९४५ साली पस्तिशीच्या होत्या. बालविधवा, कष्टानं शिकलेल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी करत होत्या. त्या काळी अशा बाईला यापेक्षा वेगळं काय हवं असणार? पण ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला गेल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये आयुष्य काढलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली, शाळाच गुरांमागे नेली. पुण्यात बसून ही युक्ती त्यांना सुचली असती का गं? पुढचं सगळं तिथे गेल्यावरच दिसत गेलं.

एकच प्रसंग सांगते, आणि मग थांबते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला एकुलती एक मुलगी बसली होती. भाऊ नाही. काका-मामा मागे खुर्च्यांवर. तिलांजलीची वेळ आली तेव्हा तिनं हातात तीळ घेतले आणि माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, ‘काकू, मी पाणी सोडलं तर चालेल ना?’ बघ, किती शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची मुलगी. पण स्वतःच्या बापाला पाणी द्यायला कोणाची तरी संमती शोधत होती. मी म्हटलं, ‘सोड बाळा, तूच सोडायचं.’ तिनं सोडलं. मागून कोणी काही बोललं नाही.

तेव्हा ‘मला अधिकार कोणी दिला’ हा प्रश्न तू आता बाजूला ठेव. उद्या कोणीतरी तोच प्रश्न घेऊन तुझ्यासमोर पाटावर बसणार आहे, आणि तिला ‘सोड’ म्हणणारी बाई तिथे हवी. त्यासाठी मंत्र यायला हवेत आणि मंत्र यायला वर्गाला जायला हवं. गुरुवारी जा. नाव घाल, पहिली संथा घे. लोकांना काय सांगायचं ते तू आल्यावर आपण दोघी मिळून ठरवू.