माळरानावरील पहिली घरे

अमेरिकेतील पुष्कळ घराण्यांत पणजोबांची गोष्ट मुलांना अभिमानाने सांगतात. ते पूर्वेकडून आले, ओसाड माळ त्यांनी नांगराखाली आणला, आणि आजची शेते व गावे ही त्यांच्या घामाची कमाई होय, अशी ती गोष्ट असते. ती खरी आहे, परंतु पुरी नाही. या पाठात तिचे दोन्ही भाग आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१. कायदा. — २० मे १८६२ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्याअन्वये कुटुंबप्रमुखास किंवा २१ वर्षे पुऱ्या झालेल्या मनुष्यास १६० एकर सरकारी जमीन मागता येई. अट अशी की, तीवर घर बांधून पाच वर्षे राहावे व ती कसावी. मग सुमारे १८ डॉलर एवढी फी भरून ती कायमची त्याची होई. विधवा व अविवाहित स्त्रियाही अर्ज करू शकत. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्या लोकांनीही अशा जमिनी मिळविल्या. कॅन्सस प्रांतातील निकोडेमस हे गाव त्यांनी १८७७ साली वसविले. हा कायदा १९७६ पर्यंत चालला, आणि अलास्कात त्यानंतर आणखी दहा वर्षे. त्याने सुमारे १६ लाख अर्जदारांना मिळून २७ कोटी एकर जमीन दिली.

२. मातीचे घर. — नेब्रास्काच्या माळावर झाडे नव्हती. मग घर कशाचे बांधावे? गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली भुई नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी उलटावी, कुदळीने तिचे ठोकळे पाडावे, आणि विटांप्रमाणे ते एकावर एक रचावे. भिंती दोन-तीन फूट जाड होत, म्हणून घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राही. परंतु पाऊस लागला की छप्पर गळे, आणि बाहेर ऊन पडल्यावरही आत चिखल ठिबकत राही. आढ्यातून उंदीर व साप पडत, म्हणून गृहिणी वर कापड ताणून बांधीत. जळणाला लाकूड नव्हते. रानबैलांचे व गुरांचे वाळलेले शेण जाळीत. गोवरीवर भाकरी भाजणाऱ्या आमच्या भगिनींस हे निराळे सांगावयास नको.

१८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाड आली. उभे पीक गेले, इतकेच नव्हे तर अवजारांच्या लाकडी मुठीही टोळांनी कुरतडल्या, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. कित्येक कुटुंबे जमीन सोडून परत गेली. जी टिकली ती शेजाऱ्यांच्या साह्याने टिकली.

३. ती जमीन ओसाड होती काय? — नव्हती. ओटो, पॉनी, ओमाहा, पोंका इत्यादी जातींचे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांतील कित्येक मका पिकवीत व रानबैलांची शिकार करीत. करारामागून करार करून सरकारने त्यांचा मुलूख घेतला, आणि त्यातूनच वसाहतवाल्यांस वाटणी झाली. पोंका लोकांनी १८५८ साली बहुतेक जमीन देऊन नायोब्रारा नदीकाठचा एक तुकडा राखला होता. १८६८ च्या करारात सरकारने चुकीने तोही दुसऱ्या जातीला देऊन टाकला, आणि १८७७ साली पोंकांना सक्तीने दक्षिणेस नेले. तेथे तापाने पुष्कळ माणसे मेली.

त्यांचा एक प्रमुख स्टँडिंग बेअर. त्याचा मुलगा तेथे मरण पावला. आपणास पूर्वजांच्या भूमीत पुरावे, अशी मुलाची इच्छा होती. १८७९ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, सुमारे ३० माणसांसह बाप मुलाच्या अस्थी घेऊन उत्तरेस निघाला. सरकारने त्याला अटक केली. ओमाहा शहरातील दोन वकिलांनी फी न घेता त्याचा दावा चालविला. सरकारी पक्ष म्हणाला की, कायद्याच्या अर्थाने इंडियन ही ‘व्यक्ती’च नव्हे, सबब त्याला न्यायालयात येण्याचा हक्क नाही. न्यायाधीश डंडी यांनी मे महिन्यात निकाल दिला की, तो व्यक्ती आहे, आणि त्याला सोडून द्यावे. मग स्टँडिंग बेअरने आपल्या मुलाला नायोब्राराच्या काठी पुरले.

४. बोध. — मातीच्या घरात लेकरे वाढविणारी माता दोषी होती, असे आम्ही म्हणत नाही. तिचे कष्ट खरे होते, आणि तिचे वंशज तिचे स्मरण करतात हे योग्यच आहे. परंतु ज्या कायद्याने तिला जमीन मिळाली, त्याच जमिनीवरून दुसऱ्या मातेला उठविले गेले होते. पूर्वजांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या गोष्टीतील निम्मा भाग झाकणे नव्हे. वडिलार्जित द्राक्षमळा सोडण्यास नाबोथ का तयार नव्हता, हे ज्याला कळते त्याला स्टँडिंग बेअरही कळेल.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न:
(१) होमस्टेड कायद्याच्या अटी कोणत्या होत्या?
(२) झाडे नसलेल्या माळावर घर कसे बांधीत?
(३) न्यायाधीश डंडी यांच्यापुढे कोणता प्रश्न होता?
(४) आपल्या गावाच्या वसण्याची गोष्ट सांगताना आपण कोणाचे नाव गाळतो?